गृहस्थाघरचे रंगीत लाकूड
(कोकण व गोमंतकातील चितारी कलेचा वृत्तांत)

राजवंशांचा इतिहास ताम्रपटांत आणि शिलालेखांत सापडतो. देवस्थानांचा इतिहास सनदा, महजर आणि जमाखर्चाच्या वह्या यांतून जुळविता येतो. परंतु सामान्य गृहस्थाच्या घराचा इतिहास कोठे शोधावा? त्याच्या घरी ताम्रपट नसतो, शिलालेख तर नसतोच. त्याच्याकडे आजोबांच्या वेळचा एक पाट असतो, पणजीबरोबर आलेला पेटारा असतो, चार पिढ्यांची बाळे ज्यात निजली असा एक पाळणा असतो. या वस्तूंवर कोणाचे नाव नाही, शक नाही, मुद्रा नाही. आहे तो केवळ रंग. आणि तोही अर्धा झिजलेला. तथापि हा रंग वाचावयास शिकल्यास त्यातून पुष्कळ गोष्टी उलगडतात. आपल्या भाविक वाचकांपैकी अनेकांच्या घरी, माळ्यावर अथवा कोठीत, अशा वस्तू आजही पडून असतील. त्यांची ओळख व्हावी आणि त्यांची हेळसांड थांबावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

आपल्या जुन्या घरांत लाकडी सामान फारसे नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. बसणे, जेवणे, निजणे हे सर्व व्यवहार भूमीवरच होत. खुर्ची हा शब्द अरबी मुळाचा आणि अलमारी हा शब्द पोर्तुगीज मुळाचा आहे, यावरून त्या वस्तू आपल्या घरांत कोणत्या मार्गांनी शिरल्या ते दिसतेच. याउलट पाट, चौरंग, देव्हारा, पलंग, पेटारा हे शब्द आपल्या घरचे. पाट हा संस्कृत ‘पट्ट’ शब्दापासून आला. त्याच पट्टावरून राज्याभिषेकाचा पट्ट आणि पट्टराणी हे शब्द सिद्ध होतात. पलंग म्हणजे ‘पर्यंक’. देव्हारा म्हणजे ‘देवगृह’. आणि या वस्तू रंगविणारा चितारी हा शब्दशः ‘चित्रकार’ होय. नगरातील चित्रकाराला आपण कलावंत म्हणून हार घातले आणि खेड्यातील चिताऱ्याला बलुत्याच्या ओळीत बसविले; परंतु भाषेने या दोघांत भेद केलेला नाही.

रंग कोणत्या वस्तूंस लावीत, याकडे पाहिल्यास एक सूत्र हाती लागते. कणगी, उखळ, मुसळ, फडताळ, भात साठविण्याचे कोठार यांस सहसा रंग नसे. ती नित्याच्या राबत्याची सामग्री. रंग असे तो देव्हाऱ्यास, गणपतीच्या चौरंगास, वधूवरांच्या आणि मौंजीच्या बटूच्या पाटास, बाळाच्या पाळण्यास आणि सासरी जाणाऱ्या मुलीच्या पेटाऱ्यास. हे सर्व प्रसंग आगमनाचे आहेत. भाद्रपद चतुर्थीस देव घरी येतो. लग्नात सून घरी येते. बारशाला नवा जीव पाळण्यात येतो. आणि पेटारा मुलीबरोबर दुसऱ्या घरी प्रवेश करतो. जो येतो त्यास नुसत्या लाकडावर बसवू नये, त्याच्यासाठी आसन सजवावे, ही त्यामागील भावना आहे. म्हणून या रंगकामास केवळ शोभा म्हणणे अपुरे ठरेल. पूजेतील षोडशोपचारांत आवाहनाच्या पाठोपाठ आसन येते. गृहस्थाने हाच क्रम आपल्या लाकडी सामानातही पाळला.

शास्त्रांतील आधार

लाख आणि रंगीत लाकूड यांचा उल्लेख आपल्या वाङ्मयात फार जुना आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेस उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे. तेथे ती जखम भरून आणणारी औषधी म्हणून येते. पाणिनीने रंगविलेल्या वस्तूंची नावे सिद्ध करताना लाक्षा आणि रोचना या दोन रंगद्रव्यांसाठी वेगळा प्रत्यय सांगितला आहे. त्यावरून लाखेने रंगविलेले ते ‘लाक्षिक’ असा शब्द होतो. ज्या वस्तूसाठी व्याकरणकाराला स्वतंत्र नियम करावा लागला, ती वस्तू व्यवहारात किती रुळलेली असेल, याची कल्पना करता येते. महाभारतातील जतुगृहाची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. लाख त्वरित पेटते, हे ज्ञान त्या कथेच्या मुळाशी आहे.

सामानासाठी लाकूड कोणते घ्यावे, याविषयी सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘शय्यासनलक्षण’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. असन, चंदन, देवदार, शाल, शाक, शिंशपा, काश्मरी इत्यादी वृक्ष त्याने प्रशस्त मानले आहेत. यांतील शाक म्हणजे आपला साग आणि काश्मरी म्हणजे शिवण. शिवणीचे लाकूड हलके असून वाळल्यावर वाकत नाही, म्हणून कोकणातील सुतारही ते पसंत करीत आला. वीज पडून किंवा वादळाने उन्मळून पडलेला, मधमाश्यांचे पोळे अथवा पक्ष्यांचे घरटे असलेला, स्मशानातील, शेंडा वाळलेला, वेलींनी वेढलेला असा वृक्ष आसनासाठी घेऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. यात शुभाशुभाचा विचार आहेच. पण पाहणाऱ्यास सुताराचा अनुभवही दिसतो. शेंडा वाळलेल्या झाडाचा गाभा बहुधा पोकळ असतो, आणि वादळाने पडलेल्या खोडात न दिसणाऱ्या चिरा असतात. पक्ष्याच्या घरट्याचा निषेध मात्र केवळ दयेचा आहे, आणि तोही शास्त्रात यावा ही गोष्ट मोठी आहे. त्याच ग्रंथातील वज्रलेपाच्या प्रकरणात लाख, गुग्गुळ, कवठ, बेल इत्यादींपासून लेप करण्याची कृती दिलेली आहे.

सावंतवाडी आणि कुंकळ्ळी

आपल्या प्रदेशात या कलेची दोन ठळक केंद्रे होती आणि आजही आहेत: कोकणात सावंतवाडी आणि गोव्यात सासष्टीतील कुंकळ्ळी. आज या दोहोंमध्ये राज्याची सीमा आहे. पण ही सीमा अलीकडची आहे. पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. नंतर तो पोर्तुगीजांकडे गेला. सावंतवाडी संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. राज्ये बदलली, जकातीची नाकी बदलली. परंतु पाटावरील वेल आणि पाळण्याच्या कातीव दांड्यांवरील लाल-पिवळी वलये तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर ओळखीचीच राहिली.

सावंतवाडीत या कलेस राजाश्रय मिळाला तो विशेषतः तिसरे खेमसावंत यांच्या दीर्घ कारकीर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात, असे परंपरा सांगते. या राजाची ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याशी सोयरीक होती. त्याच्या दरबारी धर्मचर्चेस आलेल्या तेलंगणातील विद्वानांकडून गंजिफा हा खेळ वाडीस आला आणि तेथील चिताऱ्यांनी त्याची पाने रंगविण्यास आरंभ केला, अशी आख्यायिका आहे. गंजिफा मूळची इराणकडील. बाबराच्या आत्मवृत्तात 1527 मध्ये त्याने गंजिफा भेट पाठविल्याचा उल्लेख आहे. परंतु वाडीच्या दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग झाले. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने अशी बारा पाने. सर्व मिळून 120. परक्या खेळात आपला देव बसविण्याची ही हातोटी पाहण्यासारखी आहे.

गंजिफेचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे की, पाने रंगविणारा आणि पाट रंगविणारा हात एकच होता. सावंतवाडीत चितारआळी म्हणून जी वस्ती आहे, तेथील घराण्यांनी गंजिफा, लाकडी खेळणी, फळे, देव्हारे, चौरंग, पाट हे सर्व केले. चिंचोक्याची खळ, पांढऱ्या मातीची पूड, घोटून केलेली गुळगुळीत जमीन, त्यावर सपाट रंग आणि शेवटी काळी रेघ, ही रीत दोन्हीकडे समान आहे. गंजिफेच्या गोल पानावरील मत्स्यावतार आणि देव्हाऱ्याच्या दारावरील मत्स्यावतार शेजारी ठेवल्यास एकाच हाताची वळणे दिसतात.

कुंकळ्ळी हे गाव आपल्या इतिहासात 1583 च्या प्रतिकारासाठी प्रसिद्ध आहे. सासष्टीतील देवळे पाडली गेली, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्यास नेली गेली, आणि आजही छत्रोत्सवात देवी आपल्या मूळ गावी येते. याच कुंकळ्ळीत चितारी घराण्यांनी लाखेच्या रंगकामाची परंपरा राखली. पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे, लहान मुलांची खेळणी ही त्यांची कामे. पोर्तुगीज काळात श्रीमंतांच्या वाड्यांत शिसवी कोरीव खुर्च्या आणि पलंग आले. त्यांच्याविषयी ग्रंथ लिहिले गेले आणि संग्रहालयांत त्यांस मानाची जागा मिळाली. त्याच काळात कुंकळ्ळीच्या चिताऱ्याने केलेला पाट मात्र रांदणीजवळच्या भिंतीशी उभा राहिला. पहिली वस्तू धन्याची श्रीमंती सांगते, दुसरी घराची रीत सांगते. इतिहासास दोन्ही हव्यात.

रंग कसा चढे

या कामाच्या दोन पद्धती आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली कातीव कामाची. पाळण्याच्या दांड्या, चौरंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब हे गोल अवयव कातारी सांगाड्यावर फिरवून कातून काढी. पूर्वी सांगाडा दोरीने किंवा धनुकलीने फिरविला जाई. आता विजेची मोटार असते. लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरीत. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याचे पान दाबून धरले की लाख सर्वत्र सारखी पसरते आणि तिला आरशासारखी चकाकी येते. येथे कुंचल्याचा स्पर्शही नसतो. लाकडावर जी तांबडी, पिवळी, हिरवी, काळी वलये दिसतात ती अशा रीतीने उमटलेली असतात.

ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा स्राव होय. फांद्यांवरील कवच खरवडतात, धुतात, वितळवून कापडातून पिळतात आणि पातळ पापुद्रे करतात. हीच चपडी लाख. धुतलेल्या पाण्यात उतरणारा तांबडा रंग निराळा कामी येई.

दुसरी पद्धत सपाट फळ्यांची. पाट, चौरंगाची वरची फळी, पेटाऱ्याच्या बाजू, देव्हाऱ्याची दारे यांवर कातीव काम होऊ शकत नाही. तेथे प्रथम भेगा बुजवीत, सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवीत, आणि चिंचोक्याच्या खळीत पांढरी माती कालवून तिचे थर देत. वाळल्यावर ते घासून गुळगुळीत करीत. मग रंग: पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ किंवा गेरू, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळ, आणि नीळ व हरताळ मिळून हिरवा. रंग डिंकात कालवीत. शेवटी लाखेचे अथवा राळेचे रोगण देत. हे रोगण काळाने पिवळे पडते. म्हणून जुन्या पाटावरचा पांढरा रंग हस्तिदंती दिसतो आणि निळा हिरवट दिसतो. मूळ चिताऱ्याने तो तसा लावलेला नव्हता. जुन्या वस्तूंची ‘मंद, संयत रंगसंगती’ म्हणून जी प्रशंसा होते, तिच्यातील बराचसा वाटा रोगणाचा आणि चुलीच्या धुराचा असतो. चिताऱ्यास भडक रंगच प्रिय होते, हे मान्य करावयास संकोच नको. दिवसा देखील अंधाऱ्या असणाऱ्या माजघरात समईच्या उजेडात जो रंग उठून दिसला पाहिजे, तो भडकच असावा लागतो.

शेजारची केंद्रे

आपला भक्तगण केवळ कोकण-गोव्यात नाही. बेळगाव, हैदराबाद, बडोदा येथील वाचकांस आपापल्या बाजूची केंद्रे परिचित असतील. बेळगावकडे गोकाक येथे हलक्या लाकडाची खेळणी आणि फळे करणारी जीनगर घराणी आहेत. कोप्पळजवळील किन्हाळ हे गाव पूर्वी निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या जहागिरीत होते. तेथील चित्रगार घराणी आपली परंपरा विजयनगरापर्यंत नेतात आणि हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातील चित्रे आपल्या पूर्वजांची असे सांगतात. तेथे देवांची वाहने, पालख्या, चौरंग, गौरीच्या मूर्ती होतात. कथिलाचा लेप घोटून त्यावर रोगण देण्याची त्यांची ‘लाजवर’ नावाची रीत प्रसिद्ध आहे. तेलंगणातील निर्मळ, जे 2016 पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे, तेथे नक्काश लोक पोनिकी नावाच्या अतिशय हलक्या लाकडावर काम करतात. बडोद्याजवळ ओरसंग नदीच्या काठी संखेडा आहे. 2013 पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. तेथील खरादी कारागीर सागाचे पाळणे, झोपाळे, बाजा कातून त्यांवर कथिलाच्या रंगाने नक्षी काढतात आणि वर लाख चढवितात.

किन्हाळ आणि संखेडा यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे; कारागिरांच्या जाती भिन्न, भाषा भिन्न. तथापि पांढऱ्या कथिलावर पिवळसर रोगण चढले की सोन्याचा भास होतो, ही युक्ती दोघांनाही अवगत होती. ज्याला सोने परवडत नव्हते त्या गृहस्थाच्या घरीही देवाचे आसन सुवर्णाचे दिसावे, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच होती.

ऱ्हास कसा झाला

या कलेचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही, आणि त्याचा दोष एकट्या कोणाच्या माथी मारताही येणार नाही. प्रथम रंग बदलले. 1856 मध्ये इंग्लंडात पहिला कृत्रिम जांभळा रंग सिद्ध झाला आणि पुढील काही दशकांत विलायती रंगांच्या पुड्या आपल्या बाजारपेठांत आल्या. त्या स्वस्त होत्या, घोटाव्या लागत नव्हत्या. नंतर तयार तेलरंगांचे डबे आले. पाट जुना झाला की चिताऱ्याकडे नेण्याऐवजी घरच्याघरी डबा उघडून एक हात मारणे सोपे झाले. दरवर्षी चतुर्थीपूर्वी चौरंग ‘नवा’ करण्याच्या भक्तिभावानेच अनेक जुनी चित्रे तेलरंगाखाली गाडली गेली आहेत.

मग आश्रय गेला. संस्थाने विलीन झाली, त्यांबरोबर दरबारची मागणी संपली. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर हाताने रंगविलेली गंजिफा कोण घेणार? राहणी बदलली, जेवणाचे टेबल आले, पत्र्याची कपाटे आली, शहरात दोन खोल्यांचा संसार आला. पाटाच्या पंक्तीसाठी जागा उरली नाही. चिताऱ्याची मुले शिकली आणि नोकरीस लागली. त्यात त्यांचे काय चुकले? ज्या विद्येने पोट भरत नाही ती विद्या दुसऱ्याच्या मुलाने चालवावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपणांस नाही. आपण त्याच्याकडून वस्तू घेत होतो काय, एवढा प्रश्न आपण स्वतःस विचारावा.

तरीही परंपरा तुटली नाही याचे श्रेय काही व्यक्तींकडे जाते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेस पुन्हा उभे केले. गंजिफा करणारे हात तेव्हा अगदी थोडे उरले होते. राणीसाहेबांनी स्वतः ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांस बसवून काम सुरू केले. गंजिफेबरोबर चौरंग, पाट, पेट्या यांवरही तीच चित्रे पुन्हा येऊ लागली. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दारे, पेट्या, खेळणी अशा गृहोपयोगी वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि 1975 मध्ये तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या दिवंगत पुत्राच्या नावाने तो ‘राजा केळकर संग्रहालय’ म्हणून ओळखला जातो. गोव्यात बाणावली येथील ‘गोवा चित्र’ संग्रहालयाने शेती आणि गृहजीवनाची साधने जमविली आहेत. किन्हाळ आणि संखेडा येथील कामास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली आहे.

आजचे संकट

आज या वस्तूंपुढे एक वेगळेच संकट आहे. पूर्वी त्यांस किंमत नव्हती म्हणून त्या नष्ट होत. आता त्यांस किंमत आली म्हणून त्या घराबाहेर जात आहेत. जुन्या वस्तूंचे व्यापारी गावोगाव हिंडतात. घर पाडावयाचे असते, भावांत वाटणी व्हावयाची असते, म्हातारी माणसे एकटी असतात. अशा वेळी माळ्यावरचा पेटारा थोड्या पैशांत हातचा जातो. शहरात त्याचे काचेचे मेज होते, पाळण्याच्या दांड्यांचे दिवे होतात, देव्हाऱ्याच्या चौकटीत आरसा बसतो. वस्तू टिकते, परंतु ती कोणत्या गावची, कोणत्या घरची, कोणत्या प्रसंगाची, ही माहिती त्या दिवशी नष्ट होते. नाव नसलेल्या वस्तूचा इतिहास तिच्या जागेत असतो; जागा सुटली की ती केवळ शोभेची राहते.

याहूनही मोठा घात होतो तो रंग खरवडण्याने. ‘खाली अस्सल साग आहे’ असे सांगून जुने रंगकाम यंत्राने घासून काढतात आणि लाकडास झिलई देतात. साग आजही लावता येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या चिताऱ्याची रेघ पुन्हा लावता येत नाही. या घासण्यात शरीराचीही हानी आहे. हरताळात सोमल असतो, हिंगुळात पारा असतो, आणि जुन्या सफेत्यात व तेलरंगांत शिसे असू शकते. त्यांची धूळ श्वासात जाणे विषारी आहे. याच कारणास्तव जुना रंगीत पाळणा बारशाला मांडावा, मिरवावा. पण दात येणाऱ्या बाळास त्याच्या दांड्या चघळू देऊ नयेत.

कायद्याची गोष्टही माहीत असलेली बरी. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर किंवा अधिक वर्षे जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. हा अधिनियम 1976 पासून अमलात आहे. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशस्थ नातलगांस आजीचा चौरंग प्रेमाने पाठविण्यापूर्वी याचा विचार करावा.

वस्तू किती जुनी, हे ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. करवतीच्या खुणा फळीच्या पाठीमागे पाहाव्यात: हातकरवतीच्या खुणा सरळ पण विषम असतात, यंत्राच्या चक्राकार करवतीच्या वक्र असतात. लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे जुने. तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचे. तेजस्वी कृत्रिम निळा रंग 1828 मध्ये युरोपात सिद्ध झाला, म्हणून तो ज्या थरात असेल तो थर त्यापूर्वीचा नव्हे. अतिशुभ्र टायटॅनियमचा पांढरा पहिल्या महायुद्धानंतर प्रचारात आला. मात्र वरच्या थराचा काळ म्हणजे वस्तूचा काळ नव्हे. खाली दुसरी, तिसरी चित्रे असू शकतात. झीजही पाहावी. खऱ्या जुन्या पाटाची झीज जेथे माणूस बसतो आणि जेथे हात धरतो तेथे असते. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सर्वत्र सारखी झिजलेली दिसते.

जतनाचे नियम साधे आहेत. मऊ कोरड्या फडक्याने किंवा कुंचल्याने धूळ झाडावी. पाणी, साबण, चिंच, राख यांचा उपयोग करू नये. खाली चिंचोक्याची खळ आहे, ती पाण्याने फुगते. खोबरेल तेल चोळू नये. त्यावर धूळ आणि काजळी धरते. स्पिरिटाने किंवा हात शुद्ध करण्याच्या द्रवाने कधीही पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. तापलेली पात्रे आणि कडक ऊन यांपासून दूर ठेवावे, कारण लाख उष्णतेने मऊ होते. वाळवी लागू नये म्हणून वस्तू जमिनीस टेकू न देता दगडावर ठेवावी आणि पावसाळ्यात तिच्याभोवती वारा खेळता राहील असे पाहावे.

मग अशा वस्तू वापराव्यात की नुसत्या जपून ठेवाव्यात? चौरंगावर देव बसत नसेल आणि पाटावर वधूवर बसत नसतील, तर केवळ जपलेल्या लाकडास काय अर्थ, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. उलट, रोज वापरल्याने चित्र नाहीसे होते, हेही खरे. मार्ग मधला आहे. वर्षातून ज्या एका दिवसासाठी ती वस्तू केली गेली, त्या दिवशी ती वापरावी. वर स्वच्छ वस्त्र घालावे. कार्य आटोपताच पुन्हा जपून ठेवावी. मूळची रीतही हीच होती. रंगीत पाट रोजच्या जेवणाला कोणी मांडीत नसे. आणि रोजच्या उपयोगासाठी नवा पाट, नवा चौरंग हवा असेल, तर तो सावंतवाडीच्या, कुंकळ्ळीच्या, किन्हाळच्या किंवा संखेड्याच्या कारागिराकडून करून घ्यावा. जुन्यास जपणे आणि नव्यास मोल देणे, या दोन गोष्टी एकमेकींवाचून पुऱ्या होत नाहीत.

एक अखेरचे काम असे आहे की, त्यास पैसा लागत नाही. प्रत्येक घराने एक लहानशी वही करावी. घरातील प्रत्येक जुन्या लाकडी वस्तूपुढे चार ओळी लिहाव्यात: ती कोणी आणली, कोणत्या प्रसंगी, कोणत्या गावच्या चिताऱ्याकडून, आणि कोणी कोणी तिचा उपयोग केला. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारून हे आजच लिहून घ्यावे. कारण पेटारा आणखी पन्नास वर्षे टिकेल, त्याची हकीकत सांगणारा तितका टिकणार नाही. चिताऱ्याचे नाव कोणास आठवत असेल, तर ते पहिल्या ओळीत लिहावे. त्याने आपल्या कामावर स्वतःचे नाव कधी घातले नाही. ज्यांची आसने त्याने सजविली, त्यांच्या वंशजांनी तरी ते आपल्या वहीत जतन करावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.